आबांचा शेवटचा शब्द

माझे वडील शाळामास्तर होते, पण तालुक्यात त्यांना ओळखायचे ते व्याख्याते म्हणून. दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला आमचं गाव. तिथून आधी सायकलवर, मग मोटारसायकलवर आणि म्हातारपणी आयोजकांनी पाठवलेल्या गाडीतून आबा गावोगाव जायचे. केडगाव, पाटस, न्हावरा, शिक्रापूर, शिरूर. गणपतीत, जयंत्यांना, शाळांच्या संमेलनांना. दोन-दोन तास बोलायचे आणि हातात कागदाचा चिटोराही नसायचा. त्यांचं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान म्हणजे 'थोरांचे अखेरचे शब्द'. ते ऐकताना बायका डोळ्याला पदर लावायच्या, पुरुष उगाच घसा खाकरायचे. मी हे पुढच्या रांगेत बसून पाहिलंय, कारण लहानपणी आबा मला सोबत न्यायचे. आईला त्यांनी एकाही व्याख्यानाला नेलं नाही.

व्याख्यानात सगळ्या जगाची मरणं असायची. विषाचा पेला रिकामा करून झाल्यावर, देवाला एक कोंबडा द्यायचा राहिलाय तेवढा दे, असं मित्राला सांगणारा ग्रीक तत्त्वज्ञ. मारायला आलेल्या शिपायाला, माझ्या वर्तुळांवर पाय देऊ नकोस, असं बजावणारा गणिती. हसत फाशी गेलेले आपल्याकडचे तरुण. आबा आवाज खाली आणायचे, थांबायचे, आणि मग त्या मरणाऱ्याचं वाक्य असं म्हणायचे की आपण त्याच्या उशाशीच बसलोय असं वाटावं.

मला त्यातली फ्रान्सची राणी आवडायची. मान कापायला नेत असताना तिचा पाय चुकून जल्लादाच्या पायावर पडला आणि तिनं त्याची माफी मागितली. मरणाच्या दारात एवढी साधी गोष्ट. पण पुढं पुढं आबांनी राणीला व्याख्यानातून काढून टाकलं. मी विचारलं तर म्हणाले, "त्याला टाळी पडत नाही."

मोठी होऊन मी इतिहासाचीच शिक्षिका झाले. लग्न होऊन शिरूरला आले, तिथल्याच शाळेत लागले. वर्गात सांगायचं म्हणून आबांच्या व्याख्यानातली वाक्यं पुस्तकांत शोधायला लागले, तर निम्मी कुठं सापडेचनात. जिथं इतिहास काही सांगत नव्हता तिथं आबांनी स्वतःच्या पदरची वाक्यं घातली होती. एकदा घरी गेले तेव्हा मी तसं म्हणाले. ते अजिबात ओशाळले नाहीत.

"तिथं तू नव्हतीस, मीही नव्हतो," म्हणाले. "ऐकणाराच्या अंगावर काटा आला का नाही? मग झालं."

घरी मात्र आबा कमी बोलायचे. आणि आईशी तर एकाच शब्दात बोलायचे. गप. आई सांगायला लागली की शेजारच्यांची म्हैस आपल्या घासाच्या वावरात शिरली होती, की गप. पाव्हणे बसलेले असताना मधे काही बोलली, की गप. दादाच्या लग्नात मांडव कुठं घालायचा यावर बोलायला गेली, तेव्हा तर सगळ्या भावकीसमोर, "तू गप." ओरडायचे नाहीत. मान वर न करता, हातातलं वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणायचे. डास हाकलावा तसं. आईही शब्द अर्धा सोडून उठायची आणि कामाला लागायची. आम्हाला ते इतकं सवयीचं होतं की त्यात काही असतं असं कधी वाटलं नाही.

आबांना झटका आला तो एका साध्या सकाळी, हौदावर तोंड धुताना. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आधी दौंडला नेलं, तिथून पुण्याला. बरेच दिवस ते नुसते बघत पडले होते. मग एका दुपारी त्यांचे ओठ हलायला लागले. दादानं मोबाइल काढून धरला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गावच्या सोसायटीत, राजकारणात असलेला. आबा आता काहीतरी बोलणार आणि ते बोलणं साधं नसणार, असं त्याला वाटलं असावं. मलाही वाटलं. आबांनी खूप जोर लावला. कपाळाच्या शिरा फुगल्या. आणि ते म्हणाले, "गप."

मग पुन्हा, "गप. गप."

दादानं मोबाइल खिशात घातला.

तिथं वाचेवर उपचार करणारी एक तरुण मुलगी होती. तिनं आबांना चित्रं दाखवली, गाणी म्हणायला लावली, आकडे मोजायला लावले. काही दिवसांनी आम्हाला बाहेर बसवून नीट समजावलं. "त्यांना आपलं बोलणं बरंचसं समजतंय. सांगायचंही खूप आहे. पण शब्द सापडत नाहीत. अशा वेळी कधीकधी एखादाच शब्द उरतो. बहुतेक वेळा तो माणसाच्या तोंडात बसलेला असतो, विचार न करता निघणारा. त्यांना भूक लागली, दुखलं, राग आला, तरी तोच बाहेर येईल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती हसत होती.

"दुसरं काय ऱ्हाणार?" ती म्हणाली.

आबांना घरी आणलं. पडवीत खाट टाकली, तिथून रस्ता दिसायचा. मी शनिवारी शाळा सुटली की स्कूटीवर न्हावऱ्याच्या रस्त्यानं गावी जायची आणि रविवारी परत यायची. माझे मालक रांजणगावच्या कंपनीत, त्यांच्या शिफ्टा, त्यामुळं ते क्वचित यायचे. दादाची बायको स्वयंपाक बघायची. पण आबांचं अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, हगणं-मुतणं, सगळं आईनं केलं. दुसऱ्या कुणाचा हात लागला की आबा ओरडायचे, "गप!" आई जवळ आली की तोच शब्द खालच्या पट्टीत यायचा. तिला तो कळायचा. पाण्याचा गप वेगळा, पाठीला खाज सुटल्याचा वेगळा, पंखा लावायचा वेगळा. दादाला काहीच कळायचं नाही. तो बापाला ऐकू येत नाही असं समजून मोठ्यानं बोलायचा, दोनदा विचारायचा आणि निघून जायचा.

आणि आई बोलायला लागली.

आधी कामापुरतं. कूस बदलू का, पेज गार झाली का. मग शेतातलं, गावातलं. मग जुनं. आबा रागानं गप म्हणाले की सुरुवातीला ती सवयीनं थांबायची. एका रविवारी ती त्यांच्या पायाला तेल चोळत होती आणि कुठल्याशा जुन्या लग्नातलं मानापमानाचं सांगत होती. आबा म्हणाले, "गप." आईचे हात थांबले. मग तिनं पुन्हा तेल घेतलं.

"न्हाई बसायची गप," ती म्हणाली. "लई वर्सं बसले. आता ऐका."

मी दाराच्या चौकटीत मेथी निवडत होते. मला उठून जावंसं वाटलं आणि उठवलंही नाही.

"माझी आई गेली तवा तुमी कुठं व्हता, आठवतंय का?" आई म्हणाली. "सकाळी माझ्या म्हायेराहून मानूस आला. म्हातारीचं काय खरं न्हाई, लेकीला बघायचं म्हणतीय. मी नेसून तयार झाले. तुमी म्हणालात, आज शिक्रापूरला व्याख्यान हाय, शब्द दिलाय, संध्याकाळी आल्यावर जाऊ. मी म्हणलं, मला कुणाबरोबर लावून द्या. तुमी काय म्हणालात?"

आबा तिच्याकडे बघत होते.

"गप म्हणालात. येतो म्हणलं ना, गप. मी नेसल्याली तशी बसले दारात. तुमचं व्याख्यान झालं, सत्कार झाला, जेवणं झाली. दुसऱ्या दिशी गेलो तर तिला तिरडीवर बांधली व्हती. शेजारीण म्हणाली, सारखी दाराकडं बघत व्हती. आली का, आली का, एवढंच म्हणत व्हती." आई तेल चोळतच होती, आवाजही चढलेला नव्हता. "कंचं व्याख्यान व्हतं तुमचं त्या दिशी? मरताना कोन काय म्हणालं, त्येच ना? साऱ्या दुनियेचं तुमाला म्हाईत. माझ्या आईचं मला ऐकू दिलं न्हाई."

माझी आजी घोडनदीच्या काठी, इनामगावच्या बाजूला राहायची. ती गेली तेव्हा मी फार लहान होते. तिच्या मातीला आम्ही उशिरा पोचलो एवढंच मला ठाऊक होतं. का उशीर झाला हे घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांचा डावा हात चादरीवर चाचपडत आईच्या मनगटापर्यंत गेला. "गप," ते म्हणाले. "गप. गप. गप." प्रत्येक वेळी वेगळं. ते माफी मागत होते की आता पुरे म्हणत होते, मला कळलं नाही. एरवी ज्या बाईला त्यांचा प्रत्येक गप कळायचा, तिलाही कळला नसावा. तिनं हात ओढून घेतला नाही आणि त्यांचा धरलाही नाही. मग तेलाची वाटी उचलून आत गेली.

त्यानंतर महिन्याभरानं तालुक्यातले एक पुढारी आबांना बघायला आले. त्यांच्या सभांत आबा पूर्वी प्रास्ताविक करायचे. चार गाड्या, फोटो काढणारा एकजण, बरोबर आठ-दहा माणसं. पडवीत उभं राहायला जागा उरली नाही. पुढारी खाटेच्या कडेला बसले, आबांचा हात हातात घेतला, फोटोवाल्याकडे एकदा बघून घेतलं. एवढी माणसं बघून आबा घाबरले. त्यांनी आईला शोधलं, ती माणसांच्या मागं कुठंतरी होती. ते मोठमोठ्यानं म्हणायला लागले, "गप! गप! गप!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग पुढाऱ्यांनी मान हलवली.

"जप म्हणतायत," ते म्हणाले. "तब्येतीला जप म्हणतायत मला. बघा, स्वतः असे पडलेत आणि काळजी माझी."

"व्हय, व्हय," मागचे म्हणाले. "जपच म्हणले."

दादानं दुरुस्त केलं नाही. मी तोंड उघडलं तर त्यानं डोळ्यानं दटावलं. चहा झाला, गाड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी फोटो सगळ्या गावाच्या मोबाइलवर आला. खाली लिहिलं होतं, 'अंथरुणातूनही आबांचा आशीर्वाद : जप'.

आबा गेले ते उन्हाळ्याच्या तोंडाला, एका सोमवारी सकाळी. माझ्या शाळेला सुट्टी होती म्हणून मी तिथंच होते. दादा दौंडला गेला होता. आई आबांना पेज भरवत होती आणि सांगत होती, की काल रस्त्यानं एक फुलांचा टेम्पो गेला, सगळी शेवंती, वास घरात आला. पुढं ती काहीतरी सांगणार होती. आबा म्हणाले, "गप." अगदी हळू, पूर्वी पेपर वाचताना म्हणायचे तितक्या सहज. आई थांबली. चमच्यातली पेज ओठाशी नेली, ती बाहेर आली. तिनं पदरानं पुसली, पुन्हा चमचा नेला. तिसऱ्यांदाही पेज बाहेर आली तेव्हा तिनं वाटी खाली ठेवली आणि मला हाक मारली.

आबांचा शेवटचा शब्द हा असा होता. ऐकणारी एक माझी आई आणि दुसरी, चार पावलांवर उभी असलेली मी. तिसरं कुणी नव्हतं.

दहावा भीमेच्या घाटावर झाला. आमच्याकडे दहाव्याला प्रवचन असतं आणि प्रवचनानंतर श्रद्धांजलीची भाषणं. मोठा माणूस असला की भाषणं लांबतात. पिंडाला कावळा शिवायचा होता म्हणून लोक थांबले होते, आणि लोक थांबलेत म्हणून पुढारी बोलत होते. ऊन चढलं होतं. बायका एका बाजूला बसल्या होत्या, आईच्या शेजारी मी. एकेकजण उठून, आबांनी तालुक्याला विचार दिला, असं सांगत होता. मग ते पुढारी उठले.

"आबांनी आयुष्यभर आपल्याला थोरांचे अखेरचे शब्द ऐकवले," ते म्हणाले. "त्यांचे स्वतःचे अखेरचे शब्द ऐकायचं भाग्य मला लाभलं. माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, जप. गाव जप, माणसं जप."

लोकांत हळहळ झाली. पुढारी आमच्या घरी येऊन गेल्याला कित्येक महिने झाले होते, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. आभार मानायला दादा उठला. त्यानं हात जोडले, त्याचा आवाज भरून आला, खरोखर भरून आला. आणि तो म्हणाला, "जाताना आबांनी मलाही तेच सांगितलं. बाळा, गाव जप."

त्या वेळी तो दौंडच्या बाजार समितीत बसला होता. फोन मीच केला होता त्याला.

आई माझ्याकडे वळली. "जप म्हणाले व्हय?" तिनं विचारलं. "ह्याला कवा म्हणाले?"

"नाही म्हणाले गं. हा नव्हताच तिथं."

"मग भर घाटावर सांगतोय तो? बापाच्या पिंडासमोर?"

तिला ते अशक्य वाटत होतं. मुलगा खोटं बोलतोय यापेक्षा आपल्याच ऐकण्यात खोट आहे, हे मानणं तिला सोपं गेलं.

त्या संध्याकाळी मी दादाला गोठ्यामागं गाठलं. म्हणाले, बाकी लोकांचं जाऊ दे, आईला तरी खरं सांग.

"काय खरं सांगू?" तो म्हणाला. "आबा गप म्हणत मेले, हे सांगू का गावाला? बोर्डावर लिहू?"

"लिहूच नको ना काही."

"मी काय कुणाला शिवी दिली का? गाव जपा म्हणलो. यात वाईट काय हाय? आन् आबांनी चाळीस वर्सं दुसरं काय केलं गं? तूच म्हणालीवतीस, निम्मी वाक्यं पुस्तकात न्हाईत. त्यांनी केलं ते व्याख्यान, आन् मी केलं ते खोटं?"

मला राग आला होता, आणि तो दादापुरताच नव्हता. त्याला हे शिकवणारा माणूस नुकताच जळून गेला होता.

"आईचं काय?" मी विचारलं.

"आईचं काय? तिचा नवरा मोठा झाला," दादा म्हणाला आणि मोबाइल वाजला म्हणून बाजूला गेला.

तेराव्यानंतर मी आईला काही दिवस शिरूरला आणलं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून ती गवार मोडायची, रस्त्यावरच्या कंपनीच्या बसा बघायची. एका दुपारी म्हणाली, "तू इतिहास शिकवतीस. मला खरं सांग. काय म्हणत व्हते ते? गप का जप?"

मला माहीत होतं की जप म्हटलं तर हिचं उरलेलं आयुष्य बरं जाईल. नवरा इतके महिने रोज आपल्याला जप, जप म्हणत होता, असं समजून ही बाई झोपेल. तो शब्द देणं माझ्या हातात होतं. पण मला ते जमलं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. त्या घरात आणखी एक बनवलेलं वाक्य मला नको होतं.

"गप," मी म्हणाले.

"मला बी तसंच ऐकू यायचं," आई म्हणाली. तिनं गवारीच्या आणखी चार शेंगा मोडल्या. मग म्हणाली, "आन् त्या दिशी? माझ्या आईचं मी बोलले त्या दिशी? तवा काय म्हणत आसतील?"

"ते मला नाही माहीत, आई."

"मला बी न्हाई," ती म्हणाली. त्यानंतर तिनं तो विषय माझ्याकडे काढला नाही.

वर्षश्राद्धाला गावात आबांचा अर्धपुतळा बसवला. शाळेच्या कोपऱ्यावर चौथरा, वर पांढऱ्या रंगाचे आबा, चष्मा मात्र काळा. चौथऱ्याच्या फरशीवर सोनेरी अक्षरांत, 'गाव जपा, माणसं जपा : आबांचे अखेरचे शब्द'. रस्त्याला दोन्ही बाजूंनी फ्लेक्स, त्यावर आबा लहान आणि पुढारी मोठे, मधे दादा हात जोडून. दादाला त्या वर्षी पंचायत समितीला उभं राहायचं होतं आणि तिकीट पुढाऱ्यांच्या हातात होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं कुणी लपवतही नव्हतं.

आईला व्यासपीठावर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा आबांच्या कार्यक्रमात तिला खुर्ची मिळाली. शाल पांघरली, नारळ दिला. दोन तासांत तिला कुणी काही विचारलं नाही. कार्यक्रम उरकल्यावर मोबाइलवर बातम्या देणाऱ्या एका चॅनेलची मुलगी आली आणि तिनं आईच्या तोंडापुढं माइक धरला.

"आजी, आबांच्या अखेरच्या क्षणी तुम्ही जवळ होता. काय म्हणाले ते?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग माइककडे पाहिलं. "गप म्हणाले," ती म्हणाली.

"जप म्हणाले?"

"न्हाई. गप."

मुलगी गोंधळली. "म्हणजे...?"

"मी बोलत व्हते. मला म्हणाले गप, आन् गेले. आमच्यात तसंच व्हतं," आई म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता, ना रडू. विचारलं ते तिनं सांगितलं, एवढंच. दादा लगबगीनं मधे आला, "आईला बरं वाटत नाही, उन्हाचा त्रास होतोय," म्हणत त्यानं तिला दंडाला धरून उठवलं.

मला वाटलं, चला, एकदा तरी खरं बाहेर पडलं. दोन दिवसांनी तो व्हिडिओ माझ्या मोबाइलवर आला. आई त्यात जेमतेम एका श्वासापुरती होती. फक्त पहिलं वाक्य ठेवलं होतं, मागं सनई घातली होती आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जप म्हणाले : वीरपत्नीसारख्या धीराच्या मातोश्री'. लिहिलेलं वाचत ऐकलं की गप ऐकूच येत नव्हतं. मलासुद्धा जप ऐकू आलं.

पुढच्या शनिवारी मी तो आईला दाखवला. दाखवायला नको होता, असं माझे मालक म्हणाले, पण तिनंच मागितला होता, गावात सगळे तिला सांगत होते. तिनं तो दोनदा लावायला सांगितला.

"तोंड माझंच हाय," ती म्हणाली. "खाली काय लिव्हलंय?"

मी वाचून दाखवलं.

"बंद कर," ती म्हणाली आणि गोठ्याकडे गेली.

तिकीट दादाला मिळालं नाही. पुढाऱ्यांनी ते शेजारच्या गावातल्या एका तरुणाला दिलं, ज्याचा आबांशी काही संबंध नव्हता. प्रचार सुरू झाला तेव्हा त्या तरुणाचा फ्लेक्स आमच्याच चौकात लागला. त्यावर कोपऱ्यात आबा होते आणि खाली तेच वाक्य होतं, गाव जपा, माणसं जपा. दादा तो बघून तडक घरी आला. चप्पल पायात तशीच ठेवून पडवीत येरझारा घालायला लागला.

"आमच्या आबांचे शब्द," तो म्हणत होता. "आमच्या आबांचे शब्द चोरले भडव्यांनी. उद्या जाऊन फाडतो."

आई ज्वारी पाखडत होती. "तुझ्या आबांचे कुठं व्हते ते?" ती म्हणाली.

दादा जागीच थांबला. त्याला वाटलं असावं की ती अजून पुढं काही बोलेल. ती सूप आपटत राहिली. तो घराबाहेर गेला. फ्लेक्स त्यानं फाडला नाही. प्रचार सरला आणि कुणीतरी तो गोठ्यावर टाकायला घेऊन गेलं.

त्याला आता दोन वर्षं होत आली. दादा माझ्याशी कामापुरतं बोलतो. आईला मी शिरूरला कायमची ये म्हणून किती वेळा म्हणाले, ती येत नाही. शनिवारी मी जाते तेव्हा ती ओट्यावर बसलेली असते. आबांच्या शेवटच्या महिन्यांत ती जेवढी बोलली तेवढी आधी कधी बोलली नव्हती, आणि नंतरही नाही. मी जवळ बसते. म्हणते, बोल ना काहीतरी, मनात असेल ते सांग. तुझ्या आईचं सांग, लग्नातलं सांग, मी ऐकते.

"तुला काय सांगायचं?" ती म्हणते. "तू कुठं मला काय केलं व्हतंस?"

मग मी चहा करते, आम्ही दोघी तो पितो, आणि उजेड आहे तोवर मी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागते.